धागा: मुंबई-कोल्हापूर-मुंबई चार्टर विमान, एका दिवसात. कुणी केलंय का बुकिंग?

शिरोलीचा_बंड्या
५ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४०

राम राम मंडळी. शीर्षक वाचून 'बंड्याला लॉटरी लागली काय' असं कुणी लिहिणार असेल तर आधीच सांगतो, न्हाई लागली. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत अॅडमिनला आहे. जर्मनीचे पाच पाहुणे येणार आहेत, कास्टिंगची मोठी ऑर्डर आहे, ते फाउंड्री बघणार आणि त्याच दिवशी मुंबईला परत कारण रात्री त्यांचं पुढचं विमान आहे. मालकांनी आज दुपारी केबिनमधे बोलवून घेतलं आणि दोन कटिंग सांग म्हणावं तसं म्हणाले, "बंडू, एक जेट सांग मुंबईवरनं." मी व्हय म्हणून बाहेर आलो. आता जेट कुठं सांगायचं असतंय हे मला ठाऊक न्हाई.

गाडीनं आणायचं तर सातारा-कागल सहापदरीचं काम तुम्हाला माहितीच आहे, मागल्या खेपेला पाहुण्यांना साडेनऊ तास लागले, उंब्रजच्या पुढं त्यातल्या एकानं ड्रायव्हरला विचारलं की आपण अजून त्याच राज्यात आहोत का. रोजच्या विमानाची वेळ जमत नाही.

तारीख २० नोव्हेंबर, गुरुवार. पाच पाहुणे आणि मी. दिवसभर फोन केले. एकानं ६ लाख ८० हजार सांगितले, एकानं ४ लाख ४०, आणि एक जण म्हणतोय ३ लाख १० मधे करतो, कुणा उद्योगपतीचं घरचं विमान आहे, रिकामंच उभं असतंय, बिल मात्र 'वेगळ्या पद्धतीनं' होईल. मला हाच बरा वाटाय लागलाय. काय करू?

---

पांढरा_रस्सा
५ नोव्हेंबर, रात्री १०.५२

भावा, महालक्ष्मी एक्सप्रेसचा फर्स्ट एसी काढ. रात्री साडेआठला सीएसएमटी, सकाळी आंघोळीला कोल्हापूर. जर्मन लोकांना चादर-उशी आवडते म्हणे. (ह. घ्या.)

---

शनिवारातला
५ नोव्हेंबर, रात्री ११.१५

'जेट सांग' हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं. बाकी माहिती शून्य, पण धागा चालणार याची खात्री. जागा धरून ठेवतो.

---

रॅम्पवाला
६ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

बंड्याभाऊ, तिसऱ्या माणसाचा नंबर आधी डिलीट करा. बाकी नंतर.

मी अकरा वर्षं चार्टरच्या ऑपरेशन्समधे काढली, आता सोडलंय, त्यामुळे मोकळेपणानं लिहितो. भाड्यानं माणसं न्यायची तर ऑपरेटरकडे डीजीसीएचं (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) नॉन-शेड्यूल्ड परमिट, म्हणजे वेळापत्रकाबाहेरच्या उड्डाणांचा परवाना लागतो आणि ते विशिष्ट विमान त्या परमिटवर चढवलेलं लागतं. घरचं विमान खासगी वर्गात नोंदलेलं असतं, त्यात मालकानं आपली माणसं फुकट फिरवावीत, पैसे घेऊन नाही. धंद्यात याला ग्रे चार्टर म्हणतात आणि तो चालतो, खोटं कशाला बोलू. पण काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारणार की हे उड्डाण भाड्याचं होतं का. तुमचे पाच जर्मन आणि तुम्ही, कागदावर त्या उद्योगपतीचे मित्र म्हणून बसलेले असाल. नंतर 'वेगळ्या पद्धतीचं बिल' घेऊन कुठे जाणार?

शेपटीवरचा नंबर मागा, व्हीटीनं सुरू होतो. परमिटधारकांची यादी त्यांच्या विमानांसकट डीजीसीएच्या साइटवर असते, तिथे ताडून बघा. नंबर द्यायला कुरकुर करतो तो एकतर विमान न बघता विकणारा दलाल, नाहीतर हा वरचा प्रकार.

आता मुख्य गोष्ट. २० तारीख विसरा. त्या दिवशी मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद आहेत, पावसाळ्यानंतरची डागडुजी. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, केव्हाच निघालाय. ज्या दोघांनी तुम्हाला २० चा भाव दिला त्यांनी तो न बघताच दिला, यावरून काय ते समजा.

---

शिरोलीचा_बंड्या
६ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

आयला!! रॅम्पवाला दादा तुमचे पाय कुठं आहेत. मालकांना सांगितलं, ते म्हणाले "बंद म्हंजे? आपण पैसे देतोय की." आता त्यांना काय सांगू, धावपट्टीला पैसे कळत न्हाईत.

पाहुण्यांना मेल टाकलाय, २१ ला जमतंय काय बघतो. पण मग एवढा फरक कसा, ४ लाख ४० कुठं आणि ६ लाख ८० कुठं?

---

रॅम्पवाला
६ नोव्हेंबर, दुपारी १.३०

४.४० वालं बहुतेक किंग एअर असेल, दोन पंख्यांचं टर्बोप्रॉप. ६.८० वालं छोटं जेट. सध्या टर्बोप्रॉपचा तासाचा दर सव्वा ते दीड लाख धरा, छोट्या जेटचा दोन-सव्वादोनपासून वर, मधल्या आकाराचं घेतलं तर तीन-साडेतीन. मुंबई-कोल्हापूर हवेतून जेमतेम तीनशे किलोमीटर. एवढ्यात जेट वर चढून सपाट होईपर्यंत उतरायची वेळ येते, दहा मिनिटं वाचतात फारतर. त्या दहा मिनिटांना दोन लाख जास्त मोजायचे तर तुमच्या मालकांची मर्जी.

पण लोकांना वाटतं आपण हवेतल्या तासाचे पैसे देतो. तसं नसतं. मोजणी चाकाखालचा अडसर काढल्यापासून परत अडसर लावेपर्यंत, म्हणजे मुंबईत टॅक्सीवेवर पंधरा विमानांच्या मागे उभे राहिलात तरी मीटर चालू. दिवसाला किमान दोन तासांचं बिल बहुतेक सगळे लावतात. आणि विमान मुंबईत नसून दिल्लीला असेल तर ते रिकामं येणार आणि रिकामं जाणार, त्याचेही पैसे तुमचेच. याला फेरी म्हणतात. कोटेशनमधे 'पोझिशनिंग वेगळं' अशी बारीक ओळ असते, ती वाचा. त्यावर लँडिंग, पार्किंग, हँडलिंग, क्रूचा खर्च, आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. विमान मुंबईतच तळ असलेलं घ्या, निम्मी डोकेदुखी जाते.

आणि लवकर घ्या. आज बिहारचं पहिलं मतदान, दुसरं ११ ला, बरीच हेलिकॉप्टरं आणि छोटी विमानं तिकडे आहेत. तिथून सुटतायत तोवर परवाच आपल्या नगरपालिका जाहीर झाल्या, २ डिसेंबरला मतदान. वर तुळशीचं लग्न होऊन गेलंय, म्हणजे लग्नवाले आलेच.

---

कोकणी_गाऱ्हाणं
६ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

नगरपालिकेच्या प्रचाराला हेलिकॉप्टर? आमच्याकडे उमेदवार अजून रिक्षाला भोंगा बांधून फिरतो.

बंड्या, हेलिकॉप्टरचं बघितलंस का, जुहूवरून सुटतात, थेट फाउंड्रीच्या मैदानात उतरव. मालक खूश, गाव खूश.

---

रॅम्पवाला
६ नोव्हेंबर, दुपारी ४.००

मैदानात उतरवायला जिल्हाधिकारी, पोलीस, अग्निशमन बंब, सगळ्यांची परवानगी लागते. वेग निम्मा, घाटात ढग उतरले की परत फिरायचं, अंधार पडायच्या आत घरी. पाच परदेशी पाहुण्यांसाठी मी तरी सुचवणार नाही. प्रचारसभेचं वेगळं, तिथे हेलिकॉप्टर बघायलाच लोक येतात.

---

शनिवारातला
६ नोव्हेंबर, सायं. ६.४५

अवांतर: जुहूचा विषय निघालाच आहे तर, तो १९२८ चा, देशातला पहिला नागरी विमानतळ. जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथेच उतरले होते, एका इंजिनाच्या पस मॉथमधून. तेव्हा स्लॉट (उडायची-उतरायची नेमून दिलेली वेळ), नोटॅम काही नव्हतं. आणि कोल्हापूरकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही, तुमचा उजळाईवाडीचा विमानतळही राजाराम महाराजांच्या काळातला.

मुद्द्याचं: १४ सप्टेंबर २०२३ ला विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट ४५ मुंबईत भर पावसात धावपट्टीवरून घसरलं होतं, आठ जण होते आत, सुदैवाने सगळे वाचले. फोटो आठवत असतील. तेव्हा 'आमच्या पाहुण्यांची वेळ चुकते, चला की' असं पायलटला म्हणू नये एवढंच. मालकांना विशेषतः सांगून ठेवा.

---

रानपाखरू
६ नोव्हेंबर, रात्री ९.३०

मला एकटीलाच खटकतंय का हे? सहा माणसांसाठी एक अख्खं विमान, तेही रेल्वे असताना. जामनगरच्या त्या अंबानींच्या लग्नाआधीच्या सोहळ्यासाठी २०२४ मधे विमानतळाला दहा दिवस आंतरराष्ट्रीय दर्जा दिला होता तेव्हा आपण सगळ्यांनी इथेच नाकं मुरडली होती. आता आपला बंड्या करतोय म्हणून चालतंय?

---

शिरोलीचा_बंड्या
६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

ताई, तुमचं बरोबर आहे. मी स्वतः एसटीनं कामावर जातो. पण ही ऑर्डर आली तर दुसरी शिफ्ट सुरू होते, साठ-सत्तर पोरांचं काम आहे. मी काय बोलणार.

---

मांजराकाठची
७ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

मी फार लिहीत नाही इथं, पण हे वाचून राहवलं नाही. आम्ही चार्टर केलंय. शेतकऱ्याचं घर आहे आमचं, हौस म्हणून नाही केलं.

२०१८ ला बाबांना लातूरला हार्टचा त्रास झाला, डॉक्टर म्हणाले मुंबईला हलवा, रस्त्यानं नेण्यासारखी तब्येत नाही. रात्री साडेअकराला दादानं एअर अॅम्ब्युलन्सवाल्याला फोन लावला. तो म्हणाला पैसे पूर्ण आधी, विमान तयार आहे. आत्याचे दागिने, सोसायटीतले काका, शेजारचे सर, असं करत रात्री दोनला पैसे जमले, आणि मग त्यानं सांगितलं की रात्री लातूरला विमान उतरत नाही, उजाडल्यावर येईल. हे त्याला साडेअकराला माहीत नव्हतं? आम्ही रात्रभर आयसीयूच्या बाहेर बसून उजाडायची वाट बघितली. सूर्य उगवायला एवढा वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं.

सकाळी विमान आलं ते हेच, किंग एअर. एका बाजूच्या खुर्च्या काढून स्ट्रेचर बसवलेलं, ऑक्सिजन, मॉनिटर, एक डॉक्टर, एक नर्स. दार एवढं अरुंद की बाबांना आत घ्यायला वीस मिनिटं लागली. घरचं एकच माणूस नेता येईल म्हणाले, आई गेली. आणि तरी निघता येईना, कारण मुंबईच्या दवाखान्याचं 'बेड दिला' असं पत्र आलेलं नव्हतं आणि ते आल्याशिवाय त्यांचा डॉक्टर पेशंट घेईना. त्याचं बरोबरच होतं, पण तेव्हा आम्हाला तो राक्षस वाटला.

बाबा आहेत, ठणठणीत आहेत, आत्ता पेपर वाचतायत. कुणावर अशी वेळ आली तर चार गोष्टी फोनवर आधीच विचारा: विमान आत्ता कुठल्या गावात उभं आहे, आपल्या गावात रात्री उतरतं का, डॉक्टर त्यांचा की आपला, आणि विमानतळापासून दवाखान्यापर्यंतची गाडी भाड्यात आहे का. आम्हाला ती शेवटची गाडी वेगळी लावावी लागली, सांताक्रूझला धावपट्टीशेजारी आई एकटी उभी होती चाळीस मिनिटं.

---

रानपाखरू
७ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

मी माझा कालचा प्रतिसाद पूर्ण मागे घेत नाही, पण मांजराकाठची ताई, तुमचं वाचून गप्प बसले. बाबांना नमस्कार.

---

जर्सीकर
७ नोव्हेंबर, सकाळी ८.५०

इकडे न्यू जर्सीत माझ्या ऑफिसच्या खिडकीतून टेटरबरो दिसतं, मॅनहॅटनपासून बारा मैल, रोजची एअरलाइन एकही नाही, सगळी असलीच विमानं. इथे परतीची रिकामी विमानं स्वस्तात विकायचा मोठा धंदा आहे, 'एम्प्टी लेग' म्हणतात. बंड्याला तसं काही मिळणार नाही का?

---

रॅम्पवाला
७ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

मिळतं इथेही, पण एका बाजूचं, आणि मूळ गिऱ्हाइकानं बेत बदलला की तुमचं उड्डाण गेलं. गोव्याला मजा करायला जाताय तर घ्या. ऑर्डर घ्यायला पाहुणे आणताय तर नको.

बंड्याभाऊ, मुंबईचं मुख्य दुखणं अजून सांगितलंच नाही. तुमच्याकडे विमान असेल हो, धावपट्टी कुठे तुमची आहे. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत चार्टरना बंदी. नवी मुंबईचं उद्घाटन गेल्या महिन्यात झालं पण उड्डाणं अजून सुरू नाहीत. म्हणजे तुम्हाला सकाळी ११ नंतरचा स्लॉट मिळणार आणि परत ५ च्या आत मुंबईत टेकायला हवं. हिशोब करा, कोल्हापुरात तीन-सव्वातीन तास हातात. तेवढ्यात फाउंड्री आणि जेवण दोन्ही बसवा.

अजून एक, हे विमान टी-२ वरून सुटत नाही. खासगी विमानांचं टर्मिनल कालिन्याच्या बाजूला, गेट नंबर ८. पाहुण्यांची हॉटेलं सहारला असतील तर गाडीवाल्याला पत्ता नीट समजावा, नाहीतर तो नेहमीच्या सवयीनं टी-२ ला सोडून मोकळा होईल.

पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती आणि प्रत्येकाचं वजन आधी कळवा. हो, माणसाचं वजन. छोट्या विमानात कोण कुठे बसणार हे त्यावरून ठरतं. सामान मऊ बॅगांतच, मागची जागा चिमुकली असते.

---

शिरोलीचा_बंड्या
१२ नोव्हेंबर, रात्री ९.३०

अपडेट. २१ तारीख ठरली. किंग एअर बी२००, तळ मुंबईतच, परमिटच्या यादीत नंबर सापडला. ताशी १ लाख ४०. सीएनं कोटेशन बघून नाक मुरडलं पण सही केली.

मालकांना फोटो दाखवला तर म्हणाले, "ह्याला पंखा हाय की. जेट सांगितलं होतं." अर्धा तास समजावलं. शेवटी दोन लाख वाचतात म्हटल्यावर पंखा आवडला.

आता अडचण गुळाची. प्रत्येक पाहुण्याला कापशीची चप्पल आणि पाच किलोची गुळाची ढेप द्यायची असं मालकीणबाईंनी ठरवलंय. पाच ढेपा म्हंजे पंचवीस किलो. आणि पाहुण्यांना वजन विचारायचा मेल मी चार दिवस ड्राफ्टमधेच ठेवलाय.

---

पांढरा_रस्सा
१२ नोव्हेंबर, रात्री ९.४१

एका ढेपेचं वजन मेलमधे टाक, 'आम्ही आमचं सांगितलं, आता तुम्ही तुमचं सांगा.'

---

रॅम्पवाला
१३ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

ढेपा चालतील, पण एक किलोच्या घ्या, जर्मनीत पाच किलो गुळाचं करणार काय ते. आणि जेवण फाउंड्रीतच. शहरात नेऊ नका, कुणी ना कुणी अंबाबाईचं दर्शन काढणारच.

---

शिरोलीचा_बंड्या
२१ नोव्हेंबर, रात्री १०.१५

झालं मंडळी. सगळं सांगतो, वेळच वेळ आहे आता.

काल रात्री महालक्ष्मीनं मुंबईत आलो. दहाला गेट नंबर ८. पाहुण्यांची गाडी टी-२ ला गेलीच, दादा म्हणाले होते तसंच, ड्रायव्हर म्हणतोय "साहेब विमानतळ एकच हाय." वीस मिनिटं तिथं गेली. आत तपासणी आपल्यासारखीच, फक्त रांग न्हाई आणि कॉफी चांगली. कॅप्टन बाई होत्या, त्यांनी यादी बघून सगळ्यात दांडग्या पाहुण्याला मधल्या खुर्चीत बसवलं, तो मुकाट बसला. मला मागच्या कोपऱ्यातली खुर्ची, गुडघ्यावर गुळाची पिशवी.

११.२८ ला हललो, कोल्हापुरात १२.२३ ला दार उघडलं. उतरताना पंचगंगा आणि उसाचे फड दिसले, मी जन्मापासून इथं राहतोय पण गाव एवढं हिरवं आहे हे ठाऊक नव्हतं. मोल्डिंग लाइन बघून पाहुणे खूश. मग जेवण. तिखट कमी करून तांबडा केलेला, तो त्यांनी तोंडाला लावून ठेवून दिला, पण पांढऱ्या रश्श्यावर जे बसले ते उठेनात. ३.१० ला कॅप्टन बाईंचा फोन, "स्लॉट गेला तर आठनंतरच उतरता येईल." रात्रीचं पुढचं विमान हुकायचं. मालक म्हणाले पाच मिनिटं थांबायला सांग. मी आयुष्यात पहिल्यांदा मालकांना न्हाई म्हणालो. पाहुण्यांच्या हातातल्या वाट्या अक्षरशः काढून घेतल्या.

३.४२ ला हललो. मुंबईजवळ आल्यावर वरच गोल गोल फिरवलं, मी खिडकीतनं समुद्र बघतोय आणि मनात मीटर पळतंय, चौदा पंधरा हजार, अजून एक गिरकी, अजून तेवढे. पाचला दहा मिनिटं असताना टेकलो, पण उभं राहायला ५.०२ झाले.

बिल लगेच मेलवर. जाताना ५५ मिनिटं, येताना १ तास २०, मिळून सव्वादोन तासांचे ३ लाख १५ हजार. लँडिंग-हँडलिंग-क्रू ९५ हजार. जीएसटी ७३ हजार ८००. एकूण ४ लाख ८३ हजार ८००.

ऑर्डरचं सोमवारी कळेल. पाहुणे गेटवर हात मिळवून गेले, विमान मुंबईचंच असल्यानं तिथंच राहिलं, आणि माझी परतीची सोय कुणी केलीच नव्हती, मी धरून. आत्ता महालक्ष्मीत आरएसीवर बसलोय, अर्धी सीट. कर्जत गेलं. शेजारचे काका गडहिंग्लजचे, मघाशी विचारत होते, मुंबईला कधी आलतासा? म्हटलं आज दोनदा. ते जरा सरकून बसले.

---

मांजराकाठची
२१ नोव्हेंबर, रात्री १०.३२

जेवलात का दादा काही?

---

शिरोलीचा_बंड्या
२१ नोव्हेंबर, रात्री १०.४०

एक पाहुणा गुळाची ढेप विसरून गेला ताई. काकांनी शेंगदाणे काढलेत.